ऑल्डरसन साहेबांची शिवी

पुण्याहून कोल्हापूरला गाडी निघाली आणि शिरवळ यायच्या आत रॉय टॅलबर्टनं मला आपला घटस्फोट सांगून टाकला. खंबाटकी घाटात मुलीचे वेडेवाकडे दात, साताऱ्याच्या पुढे स्वतःचं कोलेस्टेरॉल, आणि कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा तो कप हातात धरून मला विचारत होता, "सॅम, तुला पगार किती देतात रे?"

माझं नाव संभाजी चौगुले. विमानतळावर हात हातात घेतल्याबरोबर त्यानं त्याचं सॅम केलं होतं आणि पाठीवर अशी थाप मारली होती की मला वाटलं, हा माझा कुणीतरी हरवलेला मावसभाऊच असावा.

दुसरे साहेब, मिस्टर जेफ्री ऑल्डरसन, मागच्या सीटवर दाराला चिकटून बसले होते. साठीला टेकलेले, शिडशिडीत, गुडघ्यांवर चामड्याची छोटी पेटी आणि पेटीवर दोन्ही हात. सहा तासांत त्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही. रॉयच्या प्रत्येक गोष्टीला दाद मात्र भरभरून. "असं? फारच रंजक." "किती मोकळेपणानं सांगितलंत, मिस्टर टॅलबर्ट." "तुमच्या कन्येला माझ्या शुभेच्छा कळवा." मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मनात म्हटलं, चला, या दोघांचं झकास जमलं.

आणि ते जमणं फार गरजेचं होतं. लंडनची एक पंप बनवणारी कंपनी शिकागोच्या एका कंपनीनं नुकतीच विकत घेतली होती. त्यामुळे प्रत्येक कामाला दोन्हीकडचा एकेक माणूस, आणि कागदावर दोघांच्याही सह्या. आमच्या फाउंड्रीत पंपाची केसिंग, म्हणजे बाहेरची लोखंडी कवचं, ओतली जात. ती या दोघांनी चार दिवस तपासायची आणि पसंत पडली तर सही करायची. सह्या झाल्या की आम्हाला तीन वर्षांचं काम. नाही झाल्या तर दिवाळीनंतर मालक भट्टी विझवणार होते. चौऱ्याऐंशी माणसं होती आमच्याकडे. त्यात बावीस वर्षं भट्टीवर लोखंडाचा रस ओतणारे माझे वडीलही होते. ही गोष्ट शहाण्णव सालच्या ऑक्टोबरातली. मी चोवीस वर्षांचा होतो, इंजिनिअरिंग होऊन वर्ष झालं होतं, आणि आख्ख्या कारखान्यात इंग्रजी बोलू शकणारा म्हणून साहेबांच्या दिमतीला मीच.

संध्याकाळी साहेबांना लॉजवर सोडून कारखान्यात आलो. मालक आप्पा मगदूम फाटकातच उभे होते.

"काय रं बेन्या, कसं काय हाईत सायेब?"

"चांगले आहेत, आप्पा. अमेरिकन जरा बोलका आहे. पण ब्रिटिश साहेब त्याचं फार कौतुक करतात."

"मग झालं तर. दोघंबी इंग्रजीच बोलत्यात. भांडत्यात कशाला?"

मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी रॉयनं चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी माणसांशी हात मिळवले. भट्टी बघितली, "जगात अशी भट्टी नाही!" ताक प्यायला, "जगात असं पेय नाही!" एक केसिंग बघितलं आणि पुन्हा तेच. आमचे मुल्ला मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यो सायेब ताकालाबी लई भारी म्हनतोय आन् कास्टिंगलाबी. मग कास्टिंग खरंच बरं हाय का न्हाई, ते कळायचं कसं?"

ऑल्डरसन साहेबांचं उलटं. त्यांनी पेटीतून एक छोटी हातोडी काढली. प्रत्येक केसिंगवर हलकेच ठोकायचे, कान लावून नाद ऐकायचे, वहीत काहीतरी लिहायचे. चेहऱ्यावर सुरकुतीही हलत नव्हती. एका कामगाराचा पाय त्यांच्या बुटावर पडला, तर यांनीच त्याची माफी मागितली. तो बिचारा घाबरून दिवसभर शेडच्या मागं लपून बसला.

दुसऱ्या दिवशी सगळं फिरलं.

वाळूचा साचा दोन माणसं उचलून नेत होती. रॉयला हौस आली. कोट काढून त्यानं एका बाजूला हात घातला, चार पावलं टाकली आणि साच्यासकट वाळूत सपशेल बसला. साच्याचं पीठ झालं. ऑल्डरसन साहेब हातोडी खाली करून त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शाबास, रॉय. कालपासून वाट बघत होतो, तू कधी काही मोडतोस याची."

इथून जे सुरू झालं ते थांबेचना. "रॉय, ती पट्टी सरळ धर, का तुमच्याकडे ठोंबे निवडून इंजिनिअर करतात?" थोड्या वेळानं, "मिस्टर चौगुले, ही भट्टी विझली तरी काळजी करू नका, या गृहस्थाच्या तोंडच्या वाफेवर लोखंड वितळेल." मग जेवताना, "एवढं डोकं घेऊन समुद्र ओलांडायला तुला परवानगी कुणी दिली?" आणि हे सगळं अगदी शांतपणे, आवाज न चढवता.

रॉयचा चेहरा उतरत चालला. दुपारच्या चहाला त्यानं मला हाताला धरून वाळूच्या ढिगामागे नेलं.

"सॅम, मी काय केलं रे? काल हा माणूस माझ्याशी इतका चांगला होता!"

"तुम्ही काही केलं नाहीत."

"तो माझा तिरस्कार करतो. मी माणसं ओळखतो. असा मनात राग धरलेल्या माणसाच्या शेजारी मी सही करणार नाही. उद्या शिकागोला फोन करून सांगतो, आमचं जमत नाही, दुसरी माणसं पाठवा."

"ती कधी येतील?"

"जानेवारी. फार तर फेब्रुवारी."

जानेवारीत आमच्या भट्टीत मांजर झोपलं असतं. मी पळत आप्पांकडे निघालो, तर आप्पा भट्टीपाशीच सापडले. माझ्या वडलांवर ओरडत होते. "ए चौगुल्या! मेल्या, डोळं फुटलं काय तुझं? तोंडावरची जाळी कुठं हाय? भाजून मेलास म्हंजे तुझ्या बायकूला तोंड काय दावू मी, गाढवा?" आणि वडील हसत हसत जाळी बांधत होते.

मी जागीच थांबलो. आप्पांनी आजवर ज्याला ज्याला कामावरून काढलं, त्याला कधी शिवी दिली नव्हती. स्टोअरकीपर लोखंड चोरताना सापडला तेव्हा आप्पा खुर्चीवरून उठून हात जोडून म्हणाले होते, "आपण उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नये." आप्पांच्या तोंडी 'आपण' आलं की माणूस गेला. शिव्या फक्त घरच्या माणसाला.

म्हणजे गाडीत ऑल्डरसन साहेब "फारच रंजक" म्हणत होते, तेव्हा त्यांना रॉय नकोसा झाला होता. आणि आता ठोंब्या म्हणतात, म्हणजे तो आवडायला लागला! मला इतका आनंद झाला की आप्पांना काही न सांगताच मी मागे फिरलो. इंग्लंड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, समुद्रापलीकडचं कोल्हापूर आहे, असं मला त्या क्षणी अगदी पक्कं वाटलं.

रॉयला मी हे समजावून सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे मी त्याला आवडतो?"

"आवडता म्हणूनच."

"मग मी गप्प बसतो हे त्याला कसं वाटत असेल?"

"वाईटच वाटत असणार," मी म्हणालो. केवढा आत्मविश्वास होता मला.

"म्हणजे मीही शिव्या द्यायला पाहिजेत?"

"अर्थात!"

इथं माझं चुकलं. आमच्याकडे शिवी कुठवर न्यायची हे कुणी कुणाला शिकवत नाही. समोरच्याच्या घरात काय चाललंय, कोण आजारी आहे, कुणाचं लग्न मोडलंय, हे सगळ्यांना ठाऊकच असतं, त्यामुळे जिथं दुखतं तिथं कुणी हात घालत नाही. ते सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रॉय गाडीतून उतरला तोच ओरडत. "जेफ! अरे वाळक्या चहाच्या पुडक्या! झोप झाली का?" त्याचा आवाज शेजारच्या कारखान्यात गेला असेल. मी ऑल्डरसन साहेबांकडे बघितलं. ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला. "उत्तम झाली. तुझं घोरणं तीनच भिंतींतून ऐकू येत होतं." रॉयनं मला डोळा मारला. दोघं शेजारी शेजारी काम करायला लागले. दहा वाजेपर्यंत तीस केसिंग पास. मुल्ला मिस्त्री म्हणाले, "काय जादू केलीस रं?" मी नुसता हसलो. छाती दोन इंच फुगली होती.

अकराच्या सुमारास ऑल्डरसन साहेबांनी एक केसिंग चौथ्यांदा ठोकून ऐकलं. रॉय कंबरेवर हात ठेवून बघत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "जेफ, तू घरीही असाच का? आता कळलं तुझी बायको तुला एवढ्या लांब का पाठवते! चार दिवस तरी सुटका बिचारीची!"

आणि स्वतःच खदखदून हसला. आमची चार माणसं, काही न कळता, साहेब हसला म्हणून हसली.

ऑल्डरसन साहेब सरळ उभे राहिले. हातोडी रुमालानं पुसली. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "फारच मार्मिक निरीक्षण, मिस्टर टॅलबर्ट."

रॉयनं मला अंगठा दाखवला. त्याला वाटलं, खेळ रंगतोय. मला मात्र 'मिस्टर' ऐकून आप्पांचं 'आपण' आठवलं.

साहेबांनी हातोडी पेटीत ठेवली आणि माझ्याकडे आले. "मिस्टर चौगुले, फार त्रास होणार नसेल तर लॉजपर्यंत गाडी मिळेल का? बाकीचं काम मिस्टर टॅलबर्ट पूर्ण करतील. माझ्या सहीचं मी लंडनहून कळवीन."

मी त्यांना ऑफिसात नेलं. गाडी सापडत नाही असं खोटंच सांगितलं. चहा आला. ते बिनसाखरेचा घेत, तरी चमचा घेऊन कितीतरी वेळ ढवळत बसले.

"साहेब, रॉयचं काही चुकलं का?"

"मुळीच नाही. त्यांना कल्पना असण्याचं कारणच नाही." चमचा थांबला. "माझी पत्नी मे महिन्यात गेली. डोरीन. अडतीस वर्षं झाली होती आमच्या लग्नाला."

"पण... कंपनीत कुणी..."

"मी सांगितलं नाही कुणाला. एक दिवस रजा घेतली होती. लोकांना उगाच अवघडल्यासारखं होतं."

एक दिवस! आमच्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस दारात चपलांचा ढीग असतो. रडायला एकटं सोडत नाहीत, जेवायला एकटं सोडत नाहीत. आणि हे गृहस्थ पाच महिने ही गोष्ट त्या चामड्याच्या पेटीसारखी गुडघ्यावर घेऊन, हात ठेवून बसले होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही, कारण चालेल की नाही तेच मला कळेना. ज्या मुलानं काल आख्खं इंग्लंड समजल्याचा दावा केला होता, त्याला आता स्वतःचे हात कुठं ठेवायचे ते समजत नव्हतं.

"एक विनंती आहे," ते म्हणाले. "कृपया मिस्टर टॅलबर्टना हे सांगू नका. त्यांना फार वाईट वाटेल. मनानं चांगला माणूस आहे."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

आणि ऑफिसचं दार ओढून घेतलं तसा थेट रॉयकडे गेलो आणि सांगितलं.

मी ऑर्डरसाठी सांगितलं की त्या म्हाताऱ्या माणसासाठी, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. वडील भट्टीपाशी उभे दिसत होते. ऑफिसच्या खिडकीत साहेब दिसत होते, तसेच ताठ. दोन्ही डोळ्यांसमोर होतं एवढं खरं.

रॉय आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसायचंही भान नव्हतं त्याला. ऑल्डरसन साहेब तेवढ्यात गाडी बघायला म्हणून बाहेर आले होते. रॉय आख्खं अंगण तुडवत पळत गेला आणि चौऱ्याऐंशी माणसांसमोर त्यानं त्यांना कवेत घेतलं. नुसतं घेतलं नाही, उचललं. साहेबांचे बूट जमिनीपासून वीतभर वर.

"जेफ, मला माफ कर! मला माहीत नव्हतं! सॅमनं सांगितलं, तुला शिव्या आवडतात, म्हणून मी... आणि आता त्यानंच सांगितलं की डोरीन... जेफ, मला फार वाईट वाटतंय रे!"

झालं. एका दमात त्यानं माझी दोन्ही पापं उघडी केली. साहेबांनी रॉयच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला नीट आठवते आणि तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. रागाची म्हणावी तर तशी नव्हती.

काम थांबवून सगळे बघत होते. साहेब खांबासारखे ताठ, दोन्ही हात अंगाला चिकटलेले. मी मनात म्हणत होतो, आता "आभारी आहे" म्हणू नका, साहेब. "फार कृपा झाली" म्हणू नका. वाट्टेल ते म्हणा, पण तेवढं नको.

मग त्यांचा एक हात सुटला, वर आला आणि रॉयच्या पाठीवर दोनदा, हातोडीनं ठोकावं तसा, हलकेच पडला.

"खाली ठेव मला, बेअक्कल रेड्या," ऑल्डरसन साहेब म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आणि नाक पूस. माझ्या कोटाची वाट लावलीस."

आप्पा धावत माझ्याजवळ आले. "काय म्हनाला? काय म्हनाला रं?"

"शिवी दिली, आप्पा."

"कुनी? म्हाताऱ्यानं?"

"हो. रेडा म्हणाला."

आप्पांनी खिशातून रुमाल काढून आपलं कपाळ पुसलं. "मग मिटलं की," ते म्हणाले आणि मुल्ला मिस्त्रींना ओरडून भट्टी पेटती ठेवायला सांगितली.

चौथ्या दिवशी दुपारी सह्या झाल्या. आधी रॉयनं केली, मग ऑल्डरसन साहेबांनी. करताना म्हणाले, "तुझी सही आहे की कोंबडी चालून गेली?" रॉय एवढा खूश झाला की त्यानं आप्पांनाच मिठी मारली. भट्टी पुढं अकरा वर्षं चालली. वडील तिथूनच निवृत्त झाले.

निघताना रॉय सगळ्यांच्या गळ्यात पडला. मला म्हणाला, "शिकागोला आलास तर माझ्याच घरी उतरायचं, सॅम." मी सात वर्षांनी गेलो तेव्हा खरोखरच विमानतळावर उभा होता, पाटी घेऊन.

ऑल्डरसन साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. साचा मोडणाऱ्याला ठोंब्या म्हणाले होते, रडणाऱ्याला रेडा. मी तर दिलेला शब्द मोडला होता, अर्ध्या अकलेनं दुसऱ्याला भरीला घातलं होतं. मला काहीही चाललं असतं. बेन्या, गाढवा, मूर्खा, काहीही.

"मिस्टर चौगुले," ते म्हणाले, "तुमच्या सगळ्या मदतीबद्दल मी अत्यंत ऋणी आहे. तुम्ही फारच सौजन्यानं वागलात."

मी गाडीचं दार धरून उभा राहिलो. म्हटलं, पुढं काहीतरी येईल. गाडी निघून गेली.

मग दर नाताळाला त्यांचं कार्ड यायला लागलं. त्यांनीच लिहिलेलं, बारीक, सरळ अक्षरात. रॉयलाही जायचं. रॉय फोनवर मला त्याचं कार्ड वाचून दाखवायचा आणि हसून हसून त्याला खोकला लागायचा, इतकं चोपलेलं असायचं त्यात त्याला. माझ्या कार्डात आईवडलांची चौकशी, लग्न झालं तेव्हा बायकोला शुभेच्छा, मुलगी झाली तेव्हा तिचं नाव बिनचूक लिहून आशीर्वाद. ज्याच्यावर राग आहे त्याला कुणी तेरा वर्षं न चुकता पत्र लिहितं का? आणि राग नसेल, तर मग? आप्पांना विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, "मला काय इचारतोस, मी काय इंग्रज हाय?"

दोन हजार नऊच्या नाताळाला कार्ड आलं नाही. साहेब गेल्याचं रॉयनं फोन करून कळवलं, तेव्हा तो रडतच होता.

तेरा कार्डं आहेत माझ्याकडे. अधूनमधून काढून सगळी वाचतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी ओळीओळीत शोधत. प्रत्येकाची सुरुवात 'प्रिय मिस्टर चौगुले' अशीच आहे, आणि एकातही एक साधी शिवी नाही.